शीट छान दिसावी म्हणून

आमच्या स्टुडिओत प्रत्येक टेबलाखाली माउंटबोर्डच्या तुकड्यांचा ढीग असतो. मॉडेल करताना कापून उरलेले. टाकायचे नाहीत, ‘लागतील कधीतरी’ म्हणून पायानं आत सरकवायचे. कधीच लागत नाहीत! फक्त वर्षाच्या शेवटी पाय ठेवायला जागा उरत नाही. किश्शांचंही सेम आहे. एकेक करून साठत जातात, आणि मग पुण्याचं कोणी भेटलं, नुसतं "कसं चाललंय गं कॉलेज?" विचारलं, की सगळा ढीग त्यांच्या अंगावर! माझी रूममेट आणि वर्गमैत्रीण दीक्षा फोंडाघाटची. ती परवा वैतागून म्हणाली, "ऋचा, एकदा सगळा लिवन टाक आणि आमका सोड!"

तर लिहिते. आधी माझी ओळख. मी पुण्याची. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकते. इथे कशी आले, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, "मला कोकणातली पारंपरिक घरं जवळून अभ्यासायची होती." खरं कारण असं की शेवटच्या राउंडला माझ्या मार्कांत एवढी एकच सीट शिल्लक होती.

आणि यातले दुसऱ्या वर्षाचे किस्से घडत होते तेव्हा माझ्या डोक्यावर एक तलवार लटकत होती, तेही सांगून ठेवते. पहिल्या वर्षी माझा डिझाईनचा विषय उडाला होता. दुसऱ्या वर्षी परत उडाला असता तर इयर डाऊन, म्हणजे वर्ष वाया. बाबांनी फोनवर अगदी शांतपणे सांगितलेलं, "इयर डाऊन झालीस तर बॅग भर आणि ये. काकाच्या क्लासच्या ऑफिसात फ्रंट डेस्कला जागा आहे." बाबा शांतपणे बोलतात तेव्हा ते खरं असतं.

*

सुरुवात बुटापासून करते.

पहिल्याच आठवड्यात परब सरांनी काम दिलं, "चिऱ्याचा रंग बनवून आणा." चिरा म्हणजे इथला तांबडा जांभा दगड. घरं, कुंपणं, विहिरी, सगळं त्याचंच. परब सर आमचे डिझाईनचे सर. फार कमी बोलतात. त्यांचा मुख्य शब्द ‘हूं’. त्या ‘हूं’चे किमान सहा अर्थ आहेत आणि त्यातले पाच वाईट आहेत.

मी पुण्याहून महागडे रंग आणले होते. बसले मिसळत. चौदा छटा केल्या! नुसत्या छटा नाहीत, प्रत्येकीला नाव. ‘दुपारचा चिरा’, ‘ओला चिरा’, ‘आठवणीतला चिरा’. माझ्या आठवणीत चिरा येऊन चार दिवस झाले होते.

सर आले. चौदा छटा बघितल्या. "हूं."

मग त्यांची नजर खाली गेली. माझ्या पायात पांढरे स्नीकर्स होते. म्हणजे पुण्यात घेतले तेव्हा पांढरे होते. आठवडाभर इथल्या मातीतून चालून त्यांचा जो काही रंग झाला होता, तो सर बराच वेळ बघत राहिले.

"बूट काढ."

एक बूट काढून दिला. सरांनी तो लेसला धरून सॉफ्टबोर्डवर टाचणीनं लटकवला आणि खाली खडूनं लिहिलं, ‘रंग बरोबर.’

मी लंगडी घालत रूमवर गेले. आणि त्या दिवशी आईला फोन करून काय सांगितलं माहितीये? "आई, माझं काम बोर्डवर लागलं!"

*

मग मॉडेल.

आम्हाला वीकेंड होमचं मॉडेल करायचं होतं, १:१०० स्केलला. म्हणजे मॉडेलवरचा एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात एक मीटर. मी ठरवलं, आपण नॅचरल मटेरियल वापरायचं. सगळे स्पंजची हिरवी झाडं लावतात, आपण वेगळं करू. लॉनसाठी हिरवे मूग चिकटवले. पायवाटेला तांदळाची कणी. फ्लॉवर बेडला मोहरी. दीक्षा म्हणाली, "अगो, ह्या मॉडेल आसा काय किराणो?"

मी म्हटलं, "तुला सस्टेनेबिलिटी कळत नाही."

गोंद वाळायला म्हणून मॉडेल खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात ठेवलं आणि आंघोळीला गेले. आमच्या घरमालकीणबाईंच्या सहा कोंबड्या आहेत.

बाहेर आले तर एक तांबडी कोंबडी माझ्या वीकेंड होमच्या टेरेसवर उभी! बाकीच्या लॉनमध्ये. जरा हिशेब करा, १:१०० स्केलनं ती कोंबडी तीस मीटर उंच. दहा मजली कोंबडी! आणि अशा सहा! मी किंचाळले, तर ती दहा मजली कोंबडी पोर्च पाडून पळाली.

दुसऱ्या दिवशी जसं उरलं तसं मॉडेल घेऊन सरांसमोर उभी. लॉन नाही, पायवाट नाही, बागेत नुसते गोंदाचे डाग.

सर म्हणाले, "साईटवर काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून दीक्षा, "सर, अतिक्रमण."

मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. सरांनी शेरा लिहिला. अजून जपून ठेवलाय. ‘लँडस्केप युजरना आवडलेलं दिसतं.’

*

दुसऱ्या वर्षी आमचा वर्ग चार दिवसांसाठी वालावलच्या पुढच्या एका वाडीत गेला. तिथे नानांचं जुनं घर होतं. काम असं की घराचं प्रत्येक मोजमाप घ्यायचं आणि अख्खं घर कागदावर उतरवायचं. नाना म्हणजे वाडीतला शेवटचा शब्द. भातशेती, काजू, आणि गजाली, म्हणजे गप्पा. काकी, म्हणजे नानांची बायको, तेवढीच कामाची.

आम्ही टेप काढल्या तशी नाना म्हणाले, "थांबा. आधी गाऱ्हाणा."

इथे कुठलंही काम सुरू करायचं तर देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्यानं देवाला सांगतो, काय काय चाललंय, काय काय हवंय. प्रत्येक वाक्य संपलं की जमलेल्या सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" मला हे प्रचंड आवडलं! रॉक कॉन्सर्टच ना!

नानांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही कॉलेजची पोरां आज तुझ्या दारात इली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी सगळ्यात पुढे.

"ह्या घराचा मोजमाप घेतली, तेंका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याला एक लय असते. दोन-तीन वाक्यांत तुम्ही त्या लयीत जाता आणि मग शब्द ऐकू येणं बंद होतं. नुसता शेवट कळतो.

"चारय दिस काकी जा रांधीत ता गुमान खातली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मोबाईल नानाच्या पेटयेत ठेवतली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्यानं मीच!

गाऱ्हाणं संपलं. नाना पेटी उघडून समोर उभे. मी म्हटलं, "नाना, पण मी..."

"माका नको सांगू गो. तू देवाक सांगलंस."

चार दिवस मोबाईल पेटीत.

*

त्याच घरातलं पुढचं. माझ्या वाट्याला माजघराचं दार आलं. जुन्या घरांची दारं बुटकी असतात. मी मोजलं, पाच फूट दोन इंच. व्यवस्थित लिहिलं. चौकटीची जाडी, उंबऱ्याची उंची, सगळं. मग नानांना समजावून पण सांगितलं की पूर्वीची माणसं मुद्दाम अशी दारं करायची, माणूस आत येताना आपोआप वाकतो, नम्र होतो, किती खोल विचार आहे बघा!

एवढं बोलून आत जायला वळले आणि धाडकन कपाळ चौकटीवर! माझी उंची पाच फूट चार.

नाना म्हणाले, "आता नम्र झालंस."

पाणी लावलं. अर्ध्या तासानं टेप आणायला गेले, परत धाडकन. जेवणाआधी एकदा. तिसऱ्या दिवशी तर दारापाशी थांबले, आठवलं, हसले, वाकले, आत गेले. आणि बाहेर येताना धाडकन!

काकी स्वयंपाकघरातून, "इलां गो ता माप परत घेऊक!"

नाना माझी शीट हातात घेऊन बघत होते. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, पाच फूट दोन इंच. म्हणाले, "कागदार बरोबर लिवलंस." मग माझ्या डोक्याकडे बोट केलं. "तकलेत लिवूचा रवला."

*

शेवटच्या दिवशी नानांनी परब सरांना एक गोष्ट सांगितली आणि माझी तलवार एकदम खाली आली.

वाडीच्या रस्त्यावर एसटी थांबते, पण निवारा नाही. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला तळं, मध्ये थोडी जागा. पावसात माणसं फणसाखाली भिजत उभी असतात. नाना म्हणाले, तुमच्या पोरांनी डिझाईन करूचा, आमका बरा वाटात ता आमी श्रमदानान बांधू. चिरे वाडीचे, बांधणारे आमचे बाबी मेस्त्री.

सरांनी वर्गात सांगितलं, "ज्याचं डिझाईन बांधलं जाईल त्याची फायनल ज्युरी त्याच शेडमध्ये. बाहेरच्या परीक्षक येतील, तिथेच बसतील, तिथेच मार्क देतील."

सगळ्यांना आनंद झाला. मला घाम फुटला.

आधी युजर सर्व्हे. मी प्रश्नावली घेऊन काकीकडे गेले. "काकी, बसची वाट बघण्याचा तुमचा अनुभव एक ते पाचमध्ये किती?"

काकी नारळ सोलत होती. "गाडी इली तर पाच. नाय इली तर शून्य."

"नाही, म्हणजे वाट बघताना तुम्हाला काय वाटतं?"

"गाडी येवची असा वाटता!"

मग कन्सेप्टचा दिवस. मालवणचा किनारा जवळ, त्यामुळे सगळ्यांची प्रतिभा एकाच दिशेला वाहिली. अकरा जणांनी शिंपल्याची शेड आणली. पाच जणांनी होडीची. दोघांनी मासा. माझा खेकडा होता. नांग्यांमध्ये बाक.

सर हळूहळू सगळ्या टेबलांवरून फिरले. वर्गात सर प्रमाण मराठी बोलतात. मालवणीत आले की समजायचं, सहन होत नाहीये. दाराशी जाऊन मागे वळले.

"वाडयेक निवारो व्हयो. मासळेचो बाजार नको."

*

खेकडा गेला तसं माझ्याकडे काहीच उरलं नाही. खरंच काहीच! मग नाईलाजानं जे सुचलं ते काढलं. तीन बाजूंनी चिऱ्याच्या भिंती, चौथी बाजू उघडी, आत बाक, वर नळ्यांचं, म्हणजे मातीच्या गोल कौलांचं छप्पर, ओल्या छत्र्या अडकवायला एक आडवी दांडी. छत्रीचं काकीनं सांगितलेलं. बस्स. सरांनी कच्चं ड्रॉइंग बघितलं. "हूं." हा सहावा ‘हूं’ होता! मी पहिल्यांदा ऐकला!

बाबी मेस्त्री कॉलेजात आले, सगळी डिझाईन्स बघितली, आणि माझ्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, "मेस्त्री, काय आवडलं यात?"

"ह्यां बांधूक जमात."

मला हेही कौतुकच वाटलं.

आता फेअर शीट करायची होती. कच्च्या ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं होतं, ‘रस्ता’, ‘तळं’, ‘बस इकडून येते’. पण मला ते शब्द खुपायला लागले. मी मिनिमल डिझाईनवरचे बरेच व्हिडिओ बघितले होते. पांढरी शीट, बारीक रेषा, मध्ये एकटा प्लॅन. शब्द म्हणजे कचरा! मी ‘रस्ता’ खोडला. ‘तळं’ खोडलं. उत्तर दिशा दाखवायचा मोठा बाण काढून तिथे एक नाजूक गोल आणि ठिपका टाकला. काय देखणी शीट झाली म्हणून सांगू!

दीक्षा म्हणाली, "अगो, रस्तो खंय ता तरी लिव."

मी म्हटलं, "दीक्षा, चांगलं ड्रॉइंग स्वतः बोलतं."

सरांनी बजावलं होतं, लाईनआउटच्या दिवशी, म्हणजे जमिनीवर पाया आखतात तेव्हा, साईटवर हजर राहा. पण त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न! मी मेस्त्रींच्या हातात शीट दिली, "शीटवर सगळं आहे" म्हणाले आणि पुण्याला गेले.

हळदीच्या दिवशी मोबाईल सायलेंटवर होता. संध्याकाळी बघितला तर बाबी मेस्त्रींचे चौदा मिस्ड कॉल. मला वाटलं, आनंदात असतील.

*

परत आले ती थेट वाडीत. दीक्षा बरोबर होती. लांबून भिंती दिसल्या, मी पळतच सुटले! जवळ गेलो. थबकलो.

शेडनं रस्त्याकडे पाठ केली होती.

रस्त्याच्या बाजूला सरळ सपाट चिऱ्याची भिंत. उघडी बाजू तळ्याकडे. बाक तळ्याकडे. बसथांब्यात बसलेल्या माणसाला बस सोडून सगळं दिसत होतं!

"मेस्त्री!" मी भिंतीकडे बोट केलं. "हे उलटं..."

मेस्त्री शांतपणे चुना मळत होते. खिशातून माझी देखणी शीट काढली. चार घड्या. "ह्यो कागद मी असो धरलंय. मगे असो धरलंय. खंयसूनय सारखोच दिसता. रस्तो खंय, तळा खंय, कायेक लिवलेला नाय."

दीक्षा माझ्याकडे बघेना.

"तुका फोन लावलंय. चवदा वेळा. तू उचलूक नाय. मगे आमी कागदाकच इचारला. तो काय बोलाक नाय."

"मग?"

"मगे देवाक इचारला."

म्हणजे कौल लावला होता! वाडीच्या देवळात गुरवानं देवाच्या मूर्तीवर पाकळ्या लावल्या आणि विचारलं, तोंड रस्त्याकडे करायचं की तळ्याकडे? उजवीकडची पाकळी पडली तर तळं, डावीकडची पडली तर रस्ता. उजवी पडली. विषय संपला. आता ती भिंत हलवायची तर अख्ख्या वाडीत कोणाची टाप नव्हती. माझी तर नाहीच.

मी बाकावर बसले आणि रडायलाच लागले. बसकडे पाठ असलेला बसथांबा! परीक्षक काय म्हणतील? मला काकाच्या ऑफिसातला फ्रंट डेस्क दिसायला लागला. त्याला तरी दाराकडे तोंड असतं!

दीक्षा आजूबाजूला बघत होती. मग हळूच म्हणाली, "मेस्त्रीनू, पावस खंयसून मारता हयसर?"

मेस्त्रींनी थापीनं रस्त्याकडे दाखवलं. "थयसून. तिरको. तोंड रस्त्याक केला असता तर आतलो माणूस भायरच्यापेक्षा जास्त भिजलो असतो."

दीक्षा म्हणाली, "म्हणजे तुमका आधीच माहीत होता? मगे कौल कित्याक लावलात?"

मेस्त्रींनी थापी पुसली.

"शिकलेल्या माणसाचा खोडूक कोण तरी मोठो व्हयो ना!"

*

आणि आता ज्युरी.

जूनचा दुसरा पंधरवडा. परीक्षक मॅडम मुंबईच्या, मोठ्या आर्किटेक्ट, पांढरी खादीची साडी, हातात काळी फाईल. अख्खा वर्ग, परब सर, नाना, काकी, बाबी मेस्त्री, निम्मी वाडी. वाडीनं ठरवलं होतं, कॉलेजची माणसं येतातच आहेत तर त्याच दिवशी नारळ फोडून निवारा सुरू करू.

मॅडम गाडीतून उतरल्या आणि पाऊस सुरू झाला. तिरका, रस्त्याकडून. सगळे आत पळालो. छत्र्या दांडीला अडकल्या. दाटीवाटीनं बसलो, समोर तळं. आणि खरं सांगते, कोणाच्या अंगावर एक थेंब येत नव्हता.

मॅडमनी मागची भिंत बघितली. पुढचं तळं बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"बसथांबा आहे ना हा? मग बसकडे पाठ का?"

मी आठवडाभर एक उत्तर पाठ केलं होतं. सुरू केलं, "मॅडम, वाट बघणारा युजर आणि पाणी यांच्यातला जो व्हिज्युअल संवाद..."

बाबी मेस्त्री खाकरले. "चेडवा, खोटा बोलू नको. नारळ फोडूचो आसा."

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. "मॅडम, मी शीटवर रस्ता लिहिलाच नाही. म्हणजे लिहिला होता, पण शीट छान दिसावी म्हणून खोडला. मेस्त्रींनी फोन केले, मी उचलले नाहीत. दिशा मी ठरवलेली नाही."

पाऊस वाजत होता. मॅडम फाईलमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मला दिसू नये म्हणून पान तिरकं धरलं होतं.

मागून एसटीचा आवाज आला. कोणीच वळलं नाही. काकी तळ्याकडे बघतच म्हणाली, "आमची न्हय. ही मालवणची. कुडाळची मागसून येतली."

मॅडम उठून भिंतीच्या कडेनं वाकून बघून आल्या. मालवणची होती. त्यांनी परत काहीतरी लिहिलं.

"सर," त्या परब सरांना म्हणाल्या, "शेड बरोबर आहे आणि ड्रॉइंग चूक आहे. मी मार्क कशाला देऊ?"

सर म्हणाले, "हूं." हा सातवा होता. आधी कधी ऐकला नव्हता.

नाना उठले. "मॅडमनू, मार्काचा मगे बघा. आधी गाऱ्हाणा." नारळ ठेवला. हात जोडले. मॅडमनी दीक्षाला हळूच विचारलं, काय करायचं असतं? दीक्षा म्हणाली, "काही नाही मॅडम. सगळे म्हणतात तेव्हा ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं."

"बा देवा म्हाराजा! आज वाडयेक गाडयेची वाट बघूक निवारो झालो. तुझ्या कौलान झालो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पुण्याच्या चेडवान नकाशो काढल्यान. नकाशो देखणो, पण रस्तो दाखवूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा वर्ग. मनापासून.

"मेस्त्रीन चवदा फोन केल्यान, ह्या चेडवान एकय उचलूक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात परब सरांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"माझ्या घराच्या दारार चार वेळा तकली आपटल्यान, तरी वाकाक शिकाक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मॅडम खुदकन हसल्या आणि त्यांनीही म्हटलं. आधी हळू.

"काकीन सांगलेली छत्रयेची दांडी तेवढी इसराक नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मॅडमचा आवाज वाढला होता. त्यांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते, काळी फाईल काखेत.

"आजपासून ह्या वाडीतलो कोण गाडयेची वाट बघताना भिजाचो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नानांनी एक डोळा उघडून मॅडमकडे बघितलं. मिटला.

"काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, आणि ह्या चेडवाक ह्या वर्साक पास कर रे म्हाराजा!"

वर्ग एकदम चिडीचूप. कोणाची हिंमत होईना. परब सर नळे मोजायला लागले. मी नारळाकडे बघत होते.

त्या शांततेत एकच आवाज आला. खणखणीत, मुंबईचा.

"व्हय म्हाराजा!"

नानांनी नारळ फोडला.